पदवीधर मुलामुलींसाठी सैन्याचं दुसरं दार



गेल्या पावसाळ्यात जळगाव जामोदकडच्या सातपुडा पट्ट्यातला एक कोरकू तरुण खामगावला आम्हांला भेटायला आला. बी.ए. झालेला, पहाटे उठून धावणारा, जातीचा दाखला नि वैधता प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं. वय २५ पूर्ण. अग्निवीरची वयोमर्यादा उलटली होती. मी विचारलं, "सी.डी.एस. दिलीस का कधी?" तो म्हणाला, "ते काय असतं, ताई?"

आपल्या वाड्यांवर सैन्य म्हणजे भरतीचं मैदान, एवढंच ठाऊक. पदवीधराला थेट अधिकारी होता येतं, हे कोणी सांगतच नाही. सी.डी.एस. ही परीक्षा यू.पी.एस.सी. वर्षातून २ वेळा घेते. डेहराडूनच्या अकादमीसाठी अविवाहित मुलगे, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि दहावीपर्यंतचं गणित. चेन्नईच्या अकादमीसाठी मुलगे आणि मुली दोघंही, आणि तिथे गणिताचा पेपर नाही. पदवी कोणत्याही शाखेची चालते. वय मात्र साधारण २५ च्या आत हवं. नौदल आणि हवाई दलाच्या अटी वेगळ्या आहेत, तिथे नुसती बी.ए. पुरत नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण यात आपली मुलं फसतात. अनुसूचित जमातीला या परीक्षेची फी माफ आहे, पण जागांचं आरक्षण नाही, वयाची सवलतही नाही. दाखल्याच्या भरवशावर थांबलेला मुलगा थांबूनच राहतो.

दाखल्यापेक्षा इथे एन.सी.सी.चं 'सी' प्रमाणपत्र कामाला येतं. किमान 'बी' श्रेणी आणि पदवीला ५० टक्के गुण असतील, तर लेखी परीक्षाच द्यावी लागत नाही. अर्जांची छाननी होऊन थेट एस.एस.बी.ची मुलाखत. पण 'सी'पर्यंत पोहोचायला ३ वर्षं लागतात, म्हणजे नाव प्रथम वर्षालाच घालावं लागतं. १३ महाराष्ट्र बटालियन तर आपल्या खामगावातच आहे!

एस.एस.बी. ५ दिवसांची असते. गटात बोलणं, अडथळे पार करणं, मानसशास्त्रीय चाचण्या. घरी कोरकू आणि शाळेत मराठी बोललेलं लेकरू तिथे इंग्रजीला अडतं, धावण्याला नाही. त्यासाठी नाशिक रोडला राज्य शासनाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. राहणं, जेवण, शिकवणं मोफत. सी.डी.एस.ची लेखी उत्तीर्ण झालेल्यांनी किंवा 'सी' प्रमाणपत्र असलेल्यांनी बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. निवड झाली की अकादमीत शिकतानाच महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. हा आकडा ऐकून एका आजोबांनी मला तो पुन्हा वाचायला लावला होता.

त्या तरुणासाठी ही दारं बंद झाली. एक उरलं, सी.ए.पी.एफ.ची परीक्षा. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशा दलांतलं असिस्टंट कमांडंटचं पद. ही दलं गृह मंत्रालयाची, त्यामुळे इथे आरक्षण आहे आणि जमातीला वयात ५ वर्षांची सूट आहे. त्याची तयारी सुरू आहे.

त्याची धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. कॉलेजात तिचं नाव घालायला मी सोबत जाणार आहे, आणि एन.सी.सी.चा फॉर्म त्याच दिवशी मागणार आहे.