सामूहिक ऑनलाइन खेळ : पहिली भूमिका कोणती घ्यावी?

दुकानात नवा मुलगा कामाला आला, की पहिल्या दिवशी त्याला कोणी गल्ल्यावर बसवत नाही. आधी तो माल काढून देतो, घड्या घालतो, गिऱ्हाईक काय मागते आणि जुनी माणसे त्याला काय उत्तर देतात हे ऐकत राहतो. त्याच्या हातून एखादी चूक झाली तरी ती दिवसभराच्या विक्रीत सामावून जाते. ही रीत आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तरीही घरातील मुलांनी आग्रहाने एखाद्या ऑनलाइन खेळात ओढले, की आपण ती नेमकी विसरतो आणि पहिल्याच रात्री गल्ल्यावर जाऊन बसतो. माझे तसेच झाले, म्हणून हा लेख.

आमच्या कुटुंबातील मुले शिक्षण आणि नोकरी यांमुळे पांगली आहेत. मुलगा जर्मनीत, पुतण्या पुण्यात आणि भाची बंगळुरूत असते. मुलाशी फोनवर होणारे बोलणे जेवण, थंडी आणि पैसे या तीन विषयांत संपते. यात दोष त्याचा नाही. दूर राहणाऱ्या माणसाजवळ रोज सांगण्यासारखे फारसे उरत नाही. मात्र दर रविवारी रात्री साडेनऊ वाजता ही तिन्ही भावंडे ‘फायनल फँटसी १४’ या खेळात भेटतात आणि तास-दीड तास त्यांची अखंड बडबड चालते. त्या वेळी जर्मनीत संध्याकाळ असते. त्यांच्या गटात जागा चार, म्हणून चौथ्या जागेवर खेळ कोणातरी अनोळखी माणसाला आणून बसवतो. गेल्या दिवाळीनंतर पुतण्या म्हणाला, “काका, चौथे तुम्हीच या ना.”

मी होकार दिला तो खेळासाठी नव्हे, त्या बडबडीसाठी. वाचकांपैकी अनेकांची परिस्थिती अशीच असेल. म्हणून कोणती भूमिका घेतल्यास आपला भार इतरांवर पडत नाही आणि इतरांचा भार आपल्या जिवाला लागत नाही, ते येथे सविस्तर सांगतो.

पेशे अनेक, कामे तीन

‘फायनल फँटसी १४’ हा जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचा खेळ. २०१० मध्ये तो प्रथम बाजारात आला आणि फसला. कंपनीने तो बंद केला, मुळापासून पुन्हा बांधला आणि २०१३ मध्ये नव्याने उघडला. अशा खेळांना भूमिकाप्रधान म्हणतात, कारण खेळणारा एक पात्र घेतो आणि ते पात्र एखादा पेशा पत्करते. या पेशाला खेळणारे ‘क्लास’ किंवा ‘जॉब’ म्हणतात. २०२४ च्या विस्तारानंतर गटात घेऊन लढण्याजोगे असे २१ पेशे या खेळात आहेत. संख्या पाहून गांगरू नये. त्या सर्वांची कामे तीनच आहेत.

पहिले काम टँकचे. तो सर्वांत पुढे चालतो, शत्रूचा राग स्वतःवर ओढून घेतो आणि त्याचे घाव सोसतो. दुसरे काम हीलरचे. तो सर्वांच्या जखमा भरून काढतो. तिसरे काम शत्रूचे बळ घटवण्याचे. त्याला खेळणारे नुसते ‘डॅमेज’ म्हणतात. चौघांच्या गटात एक टँक, एक हीलर आणि दोन डॅमेज असतात. आठांच्या गटात हेच प्रमाण दोन, दोन आणि चार असे होते.

कोणत्या भूमिकेवर किती ताण आहे, ते या हिशेबातच कळते. चौघांत टँक एकच आणि हीलर एकच. त्यांपैकी कोणी चुकला तर त्याची जागा सांभाळणारा दुसरा कोणी नसतो. डॅमेज करणारे दोघे असतात. त्यांतील एक क्षणभर गोंधळला तरी दुसऱ्याचे काम चालू राहते आणि लढाई थोडी लांबते, इतकेच.

सौम्य दिसते ते सोपे नसते

मी पहिल्यांदा हीलर निवडला. शांत स्वभावाची माणसे बहुधा हीच भूमिका निवडतात. पडद्यावरही कोणाला मारावेसे वाटत नाही, इतरांना वाचवण्याचे काम आपल्याला शोभेल असे वाटते. शिवाय मागे उभे राहायचे असते, त्यामुळे ते सोपेही भासते.

प्रत्यक्षात त्या गटातील सर्वांत जोखमीची जागा मी घेतली होती. हीलरला चारही जणांच्या प्राणांच्या पट्ट्यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. कोणाला आता उपचार द्यायचा, कोण आणखी चार सेकंद तग धरील, मोठा घाव केव्हा येणार आहे, हे ओळखावे लागते, आणि त्याच वेळी जमिनीवर उमटणाऱ्या धोक्याच्या नारिंगी खुणांपासून स्वतःलाही दूर न्यावे लागते. इतरांच्या चुकांची भरपाई हीलरच्या खात्यातून होते. तिसऱ्या रविवारी एका गुहेत मी योग्य बटण शोधत राहिलो तेवढ्यात पुतण्याचा टँक पडला आणि त्यामागोमाग आम्ही सर्वजण. पुन्हा गेलो, पुन्हा पडलो. मुलांपैकी कोणी एक शब्द बोलले नाही. त्यांची ती शांतता मला बोलण्यापेक्षा जड गेली. तो तासभर मी मुलाच्या आवाजाकडे लक्षच देऊ शकलो नव्हतो, हे मला खेळ बंद केल्यावर उमगले. पुढचे दोन रविवार मी दुकानाच्या कामाचे निमित्त सांगितले.

टँकची अडचण निराळी आहे. सोसण्याच्या दृष्टीने ‘वॉरियर’सारखे टँक बरेच क्षमाशील आहेत, त्यांना स्वतःचे प्राण काही प्रमाणात स्वतःच भरून काढता येतात. परंतु टँक हा गटाचा वाटाड्या असतो. कोठे वळायचे, एका वेळी किती शत्रू अंगावर घ्यायचे, बॉसचे तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे, हे त्याने ठरवायचे असते. वाट ठाऊक नसलेल्या माणसाने वाटाड्या होऊ नये.

डॅमेजमध्येही निवड आहे

डॅमेजची भूमिका घेतली म्हणजे सगळे पेशे सारखे, असे मात्र नाही. तलवार, भाला किंवा मुष्टी घेऊन शत्रूला भिडणाऱ्या पेशांना काही घाव पाठीमागून तर काही कुशीतून करावे लागतात, म्हणजे सतत जागा बदलावी लागते. काही जादूगारांना मंत्र पुरा होईपर्यंत एका जागी उभे राहावे लागते आणि नेमक्या त्याच वेळी पायाखाली नारिंगी खूण उमटते. नवख्याने अशा दोन्ही पेशांपासून आरंभी दूर राहावे.

आपल्यासाठी आणखी एक कारण आहे. या खेळाची सर्व्हर-केंद्रे जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशनिया येथे आहेत. भारतात एकही नाही. आमची मुले युरोपच्या सर्व्हरवर खेळतात. आपण बटण दाबल्यापासून ते तेथे पोहोचून उत्तर परत येईपर्यंत सेकंदाचा काही अंश जातो. दिसायला तो क्षुल्लक असतो, पण आपण खुणेबाहेर पाऊल टाकल्याचे आपल्या पडद्यावर दिसत असते आणि सर्व्हरच्या हिशेबी आपण अजून आतच असतो. अचूक वेळ साधण्यावर ज्याचे सारे अवलंबून आहे असा पेशा भारतातून खेळणाऱ्याला अधिक कठीण जातो. थोडा उशीर पचवू शकेल असा पेशा घ्यावा आणि खूण दिसताच लवकर हलण्याची सवय लावावी.

या सर्व अटींत बसणारा पेशा ‘समनर’ हा आहे. तो दुरून काम करतो. २०२१ च्या अखेरीस आलेल्या विस्तारात कंपनीने तो पूर्वीपेक्षा पुष्कळ सुटसुटीत केला. त्याची बहुतेक कृत्ये तत्काळ घडतात, त्यामुळे चालता चालता बटण दाबता येते. क्रमही सरळ आहे : मोठ्या शक्तीला आवाहन करायचे, मग तीन लहान शक्तींना एकामागून एक बोलवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. शिवाय पडलेल्या सोबत्याला उठवण्याची विद्या त्याच्याजवळ असते. म्हणजे हीलरचे उपयोगी पडणे काही अंशी हाती राहते आणि त्याची काळजी मात्र वाहावी लागत नाही.

व्यापारी माणसाला आवडेल अशी गोष्ट पुढेच आहे. समनर होण्यासाठी प्रथम ‘आर्केनिस्ट’ म्हणून सुरुवात करायची असते आणि तिसाव्या पातळीवर समनर होता येते. याच आर्केनिस्टमधून ‘स्कॉलर’ नावाचा हीलरही निघतो आणि दोघांची पातळी एकत्रच वाढते. एका भांडवलात दोन दुकाने उभी राहतात. सोप्या जागेवर बसून वाट ओळखीची झाली, की पुढे हीलर होण्याचा मार्ग खुला असतो. या खेळात एकाच पात्राला सगळे पेशे शिकता येतात, त्यामुळे पहिली निवड चुकली तरी पात्र वाया जात नाही.

ज्यांची मुले अमेरिकेच्या ब्लिझार्ड कंपनीचा, २००४ पासून चालू असलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळतात, त्यांनी ‘हंटर’ निवडावा. त्याच्या ‘बीस्ट मास्टरी’ या शाखेत पाळीव प्राणी पुढे राहतो आणि आपण चालता चालता दुरून काम करतो. त्या खेळात पात्राचा क्लास मागाहून बदलता येत नाही, शाखा तेवढी बदलता येते. म्हणून तेथे पहिली निवड अधिक विचाराने करावी. २०२५ मध्ये त्या कंपनीने पुढील कृती सुचवणारी आणि एकाच बटणावर क्रम चालवणारी सोयही दिली आहे. कुशल खेळाडूचा वेग तिने साधत नाही, पण नवख्याची धांदल कमी होते.

हे अंग चोरणे आहे का?

सोपी भूमिका घेणे म्हणजे इतरांच्या कष्टावर जगणे, अशी शंका मलाही आली होती. या खेळांची रचना पाहिल्यावर ती दूर झाली. प्रत्येक गटाला डॅमेज करणारे दोघे लागतातच. ती जागा फुकटची नाही. टँक आणि हीलर यांचा तुटवडा असतो, म्हणून खेळ त्यांना वेळोवेळी जादा बक्षीस देतो आणि गटही त्यांना लवकर मिळतो. डॅमेज करणाऱ्याला अनोळखी गटासाठी अधिक वेळ थांबावे लागते. ज्या मालाची टंचाई त्याला भाव, हा नियम तेथेही चालतो. आपल्या सोयीची किंमत आपण प्रतीक्षेने चुकवतो, आणि घरच्याच माणसांचा गट असेल तर तीही चुकवावी लागत नाही.

नवख्याविषयी खेळाची वृत्तीही उदार आहे. गटातील कोणी ती गुहा पहिल्यांदा पाहत असेल, तर ती पार केल्यावर सर्वांनाच जादा बक्षीस मिळते. पुढे गेलेला खेळाडू खालच्या गुहेत आला, की त्याचे बळ आपोआप त्या पातळीवर आणले जाते. त्यामुळे वर्षानुवर्षे खेळणारा मुलगा आणि कालच आलेले वडील एका पंक्तीत बसू शकतात.

आरंभ करण्यापूर्वी

पैसे लगेच खर्चू नयेत. ‘फायनल फँटसी १४’ची विनामूल्य आवृत्ती ७० व्या पातळीपर्यंत चालते आणि तिला दिवसांची मर्यादा नाही. तिच्यात बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही, हे तेवढे आपल्याला जाचेल. मात्र एकदा पूर्ण आवृत्ती विकत घेतली, की त्या खात्यावर पुन्हा विनामूल्य आवृत्तीकडे परतता येत नाही आणि दरमहा शुल्क सुरू होते. म्हणून घाई करू नये.

कथेतील गुहा प्रथम संगणकाने चालवलेल्या सोबत्यांबरोबर पाहून घ्याव्यात. ही सोय खेळात आहे आणि त्या सोबत्यांसमोर चुकताना संकोच वाटत नाही. ओळखीचा गट एका गुहेतून साधारण वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर पडतो, पण मध्ये खेळ थांबवता येत नाही. तेवढा वेळ दुकानाचा फोन दुसऱ्याकडे द्यावा. आत जाताना “मी येथे नवा आहे” एवढे सांगावे. आणि बटणांची संख्या सुरुवातीला पाच-सहाच ठेवावी. बाकीची हळूहळू आणता येतात.

तिसऱ्या रविवारी भाचीने फोन केला. “मामा, हीलर मी होते, तुम्ही माझी जागा घ्या,” एवढेच ती म्हणाली. मी आर्केनिस्टपासून पुन्हा सुरुवात केली. महिनाभरात बटणांचा क्रम बोटांना कळला आणि मग कान मोकळे झाले. एका रात्री बॉस पडल्यानंतर सगळे पुढच्या दाराकडे चालत असताना मुलगा सहज म्हणाला, “पप्पा, मी ही नोकरी सोडण्याचा विचार करतोय.” फोनवर त्याने हे सांगितले नसते. पुतण्याने पुढचे शत्रू न छेडता टँक दारातच उभा केला आणि आम्ही चौघे बराच वेळ तेथेच बोलत राहिलो. त्या रात्री मी हीलर असतो, तर पट्ट्यांवरील नजर न हलवता “बरं, बरं” म्हणालो असतो.