मे महिन्यात पाडलेला पाऊस

मे महिन्यात परभणीजवळच्या एखाद्या मोकळ्या रानात जा आणि जमिनीतल्या भेगेत हळूच फूटपट्टी सोडून बघा. कितीतरी ठिकाणी अख्खी पट्टी आत जाते, तरी तळ लागत नाही! ही आपली काळी माती. वाळली की आक्रसून तडकते, भिजली की फुगते. मृगाचा पहिला पाऊस ती भेगांतून गटागटा पिऊन टाकते. पण दोन-चार दमदार पाऊस झाले की भेगा मिटतात, माती चिकट होते आणि पाणी मुरायला फार वेळ लागतो. म्हणून जून आणि ऑगस्टमध्ये एकाच रानावर अगदी सारखा पाऊस पडला, तरी वाहून जाणारं पाणी सारखं नसतं.

आता त्या रानात प्लॉटिंग झालं असं समजू. घरं आली, डांबरी रस्ते आले, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. किती फरक पडेल? चला, हिशोब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.) एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर ४० मिलिमीटर पाऊस पडला, तर ४ लाख लिटर! मोकळं रान असताना त्यातलं ३० टक्के पाणी वाहून गेलं असं धरलं, तर दहा हजार लिटरचे १२ टँकर भरतील. सगळं झाकल्यावर ९० टक्के वाहिलं, तर ३६ टँकर. शिवाय रानातलं पाणी ढेकळांत, गवतात अडत अडत जातं. रस्त्यावरचं धावत सुटतं आणि सगळं एकाच वेळी नालीच्या तोंडाशी येऊन थडकतं.

आणि हे पाणी एकटं जात नाही. उन्हाळाभर रस्त्यावर टायरची झीज, गाड्यांतून ठिबकलेलं तेल, शेण, सिमेंटची धूळ, प्लास्टिकच्या पुड्या साचतात. पहिली जोरदार सर हे सगळं धुऊन नेते. गॅरेजसमोरच्या डबक्यावर इंद्रधनुष्यासारखा रंगीत तवंग दिसतो ना? ते तेल. ते नालीतून पिंगळगड नाल्यासारख्या ओढ्या-नाल्यांत उतरतं आणि शेवटी गोदावरीच्या वाटेला लागतं. खाली नांदेडला विष्णुपुरीत गोदावरी अडवली आहे आणि तेच पाणी नांदेडकर पितात.

मग किती पाणी कुठे तुंबेल आणि सोबत काय आणेल, हे आधीच कळलं तर? त्यासाठी शास्त्रज्ञ संगणकात पाऊस पाडतात, तोही भर उन्हाळ्यात! आधी गावाच्या नकाशाचे छोटे छोटे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याचा उतार किती, माती कोणती, किती जागा झाकलेली, पाणी कोणत्या नालीत जातं, हे सगळं भरायचं. मग पाऊस सुरू! कोणत्या मिनिटाला कोणती नाली तुंबेल, कोरड्या दिवसांत साचलेला मळ किती वाहून येईल, हे आकड्यांत दिसू लागतं. अशा कामाचं ‘स्वम’ नावाचं मॉडेल अमेरिकेत १९७१ साली तयार झालं. ते आजही जगभर वापरलं जातं आणि फुकट मिळतं. आपल्या मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. त्या मुंबईसाठी २०२० मध्ये ‘आयफ्लोज’ ही पुराचा अंदाज देणारी यंत्रणा सुरू झाली. तिच्यातही अशीच गणितं आहेत.

मला या मॉडेलची खरी गंमत वाटते ती ‘समजा’ म्हणण्यात. समजा, कॉलनीच्या खालच्या टोकाला एक तळं ठेवलं. समजा, रस्त्याकडेला गवताचा खोलगट पट्टा सोडला, तर गाळ तिथेच बसेल का? समजा, पन्नास घरांच्या छतांचं पाणी मुरवलं? एकही वीट न हलवता उत्तर मिळतं. म्हणून हा हिशोब प्लॉट पाडण्याआधी करायला हवा. रस्ते आणि घरं झाल्यावर तळ्याला जागा कुठून आणणार?

मात्र पाणी मुरवायला काळ्या मातीत नुसता खड्डा खोदून भागत नाही, तो भरून तसाच राहतो. दगड, खडी, वाळू असे थर घालावे लागतात. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना विहीर पुनर्भरणासाठी हेच सांगतं: पाणी आधी अशा थरांतून गाळा, मगच विहिरीत सोडा. छताचं पाणी बोअरला सोडतानाही तेच करायचं, आणि पहिल्या सरीचं मळकं पाणी बाजूला काढायचं.

मॉडेल खरं सांगतं की नाही, हे मात्र खऱ्या पावसातच तपासावं लागतं. त्यासाठी मोजणारी माणसं लागतात, आणि ते काम तुम्हाला येण्यासारखं आहे. सरळ बाजूंची, सपाट तळाची एक बरणी उघड्यावर ठेवा. पाऊस थांबला की आतलं पाणी किती मिलिमीटर आहे ते पट्टीने मोजा. छताची लांबी-रुंदी मीटरमध्ये घ्या आणि तिन्हींचा गुणाकार करा: लांबी, रुंदी, मिलिमीटर. आलं तुमच्या छतावर पडलेलं पाणी, लिटरमध्ये! मग पन्हाळीच्या तोंडापासून पुढे ते कुठे कुठे जातं, त्याचा नकाशा वहीत काढा.