रेंज फुल, नेट गुल : दूरसंचाराविषयीचे काही गैरसमज

‘नेट स्लो आहे’ या तीन शब्दांत आपण निदान पाच वेगवेगळ्या तक्रारी कोंबतो. राउटर चुकीच्या कोपऱ्यात ठेवलेला असतो, इमारतीत आलेलं फायबर सगळ्या बिऱ्हाडांत वाटलं गेलेलं असतं, टॉवरवर गर्दी असते, जिथून सिनेमा येतोय तो सर्व्हरच दमलेला असतो, नाहीतर कुठेतरी रस्ता खणताना जेसीबीच्या दातात केबल सापडलेली असते. तक्रार मात्र एकच, आणि त्यावर सुचवला जाणारा उपायही एकच : मोठा प्लॅन घ्या. या उपायाने कंपन्यांचं भलं नक्की होतं, ग्राहकाचं होईलच असं नाही. घोटाळा नेमका कुठे आहे हे ओळखायचं, तर आधी काही लाडके गैरसमज बाजूला सारावे लागतील.

‘फायबर वेगवान, कारण प्रकाश वेगवान’

प्रकाश मोकळ्या जागेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण फायबर म्हणजे काच, आणि काचेत तो मंदावतो. तिथे त्याचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. टॉवरवरून मोबाइलकडे येणारी रेडिओलहर हवेतून जवळजवळ पूर्ण ३ लाखांनी येते. म्हणजे निव्वळ धावण्याची शर्यत लावली, तर फायबर हरतं.

फायबर जिंकतं ते एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते, यावर. तांब्याच्या तारेत कंपनसंख्या वाढवत नेली की संदेश थोड्याच अंतरात विरतो. काचेत तो कित्येक किलोमीटर टिकतो, आणि केसाएवढ्या एकाच धाग्यातून वेगवेगळ्या तरंगलांबीचे डझनावारी प्रकाशझोत एकमेकांना न अडवता जातात. क्षमता आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत फक्त पहिलीचा आकडा असतो.

फरक पाहायचा तर १० टेराबाइटच्या शंभर हार्डडिस्क पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या एसटीत ठेवा. प्रवास पंधरा तासांचा धरला, तर माहिती सेकंदाला सुमारे १५० गिगाबिट या दराने पोचते. कुठल्याही घरगुती प्लॅनला लाजवील अशी ही क्षमता. पण याच एसटीतून ‘हॅलो’ पाठवलंत, तर उत्तर यायला तीस तास लागतील. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचं बोलणं उशिरा ऐकू येत असेल, तर १०० चा प्लॅन २०० चा केल्याने बहुतेक वेळा काहीही फरक पडत नाही. तिथे क्षमता पुरेशी असते, दुखणं विलंबाचं असतं.

आणि हो, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हेत. प्लॅनचा आकडा बिटमध्ये असतो, फाइलचा बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १०० च्या प्लॅनवर सेकंदाला फार तर १२.५ एमबी उतरतील. दीड जीबीच्या सिनेमाला कमीत कमी दोन मिनिटं लागणारच. त्यात कोणी फसवलेलं नसतं.

‘तांब्याची तार मुळातच मंद’

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हाचा मॉडेम शिट्ट्या मारत, खरखरत जोडणी करायचा आणि घरचा फोन तासन् तास एंगेज लागायचा. पुढे मॉडेम सुधारले, पण ५६ केबीपीएसवर येऊन अडले. दोष तारेवर आला. खरा अडसर एक्स्चेंजमध्ये होता.

माणसाचं बोलणं समजायला ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढी कंपनं पुरतात, असं टेलिफोनवाल्यांनी ठरवलं आणि त्यापलीकडचं सगळं एक्स्चेंजमध्येच छाटून टाकलं. उरलेल्या आवाजाची सेकंदाला ८,००० वेळा नोंद घ्यायची, प्रत्येक नोंद आठ बिटांत लिहायची : ८,००० गुणिले ८ म्हणजे ६४,००० बिट. जगभर एका टेलिफोन संभाषणाला इतकीच जागा मिळायची. डायल-अप इंटरनेट याच जागेत अंग चोरून बसत असल्याने ५६ च्या पुढे जाणं त्याला शक्यच नव्हतं. (छाटणीचा दुसरा परिणामही अनेकांना आठवत असेल. ‘स’सारख्या घर्षक ध्वनींचा बराचसा जोर ३,४०० हर्ट्‌झच्या वर असतो. म्हणून फोनवर ‘फडके’ की ‘सडके’ असं पुन्हा विचारावं लागायचं.)

२००५ मध्ये बीएसएनएलचं ‘डेटावन’ आणि एमटीएनएलचं ‘ट्रायबँड’ आलं, ते त्याच जुन्या तारेवरून. एडीएसएल या तंत्राने बोलण्याला खालची कंपनं ठेवली आणि इंटरनेटसाठी वरची, तोवर रिकामी पडलेली कंपनं वापरायला घेतली. भिंतीवर बसवलेली ती काडेपेटीएवढी स्प्लिटरची डबी दोन्ही वेगळी करायची. ती न लावता फोन उचलला तर कानात फुसफुस ऐकू यायची. या तंत्राच्या सुधारित रूपात तीच तार सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत देऊ शकते, मात्र एक्स्चेंज जवळ असेल तरच. दोन-तीन किलोमीटरवर आकडा झपाट्याने घसरतो. शेजारच्या पेठेतल्या मित्राकडे नेट पळायचं आणि आपल्याकडे रखडायचं, त्याचं कारण बहुधा तारेची लांबी.

‘आवाजाचं जाळं वेगळं, डेटाचं वेगळं’

एकेकाळी हे खरं होतं. जुन्या पद्धतीत नंबर फिरवला की तुमच्यापासून समोरच्यापर्यंत एक अखंड मार्ग राखून ठेवला जायचा. दोघंही गप्प बसले तरी तो मार्ग अडलेलाच, आणि बिल चालूच. डेटाची रीत उलटी. माहितीचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येकावर पत्ता लिहायचा आणि सोडून द्यायचं. एकाच मार्गावरून हजारो जणांचे तुकडे मिसळून जातात. तुम्ही गप्प असाल तेव्हा ती जागा दुसऱ्याच्या कामी येते.

टूजीच्या दिवसांत कॉल आला की नेट थांबायचं, ते या दोन रीतींचं एकाच फोनमध्ये जमत नसल्यामुळे. फोरजीने अखंड मार्गाची पद्धत मोडीतच काढली. २०१६ मध्ये जिओ सुरू झालं ते टूजी-थ्रीजीशिवाय; त्यावरचा प्रत्येक कॉल पहिल्या दिवसापासून तुकड्यांच्या रूपातच जातोय. त्यालाच व्होल्ट म्हणतात.

मग व्हॉट्सअ‍ॅप कॉल आणि साधा कॉल यांत फरक काय? तुकडे दोन्हींचे, पण साध्या कॉलच्या तुकड्यांना कंपनीच्या जाळ्यात अग्रक्रम असतो. टॉवरवर गर्दी झाली, तर आधी हे तुकडे पुढे जातात, बाकीचे रांगेत थांबतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या तुकड्यांना जाळं इतर डेटासारखंच वागवतं. व्होल्ट कॉलने आपला डेटा संपतो ही भीतीही निराधार आहे. तो प्लॅनमधल्या कॉलिंगमध्ये धरला जातो, रोजच्या जीबीत नाही. व्होल्टचा आवाज स्वच्छ का वाटतो, हे वर आलंच आहे : त्यात सुमारे ७,००० हर्ट्‌झपर्यंतची कंपनं जातात, त्यामुळे ‘स’ शाबूत राहतो.

‘परदेशातला फोन उपग्रहावरून येतो’

काही काळ तो तसाच यायचा, आणि त्याचा पत्ता महाराष्ट्रातला होता. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी इथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘विक्रम’ भू-उपग्रह केंद्र उभं राहिलं. उपग्रहामार्फत परदेशाशी व्यावसायिक दळणवळण करणारं ते देशातलं पहिलं केंद्र. नाव अर्थातच विक्रम साराभाईंचं.

अडचण अंतराची. एका जागी स्थिर भासणारा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. वर जाऊन खाली येईतो आवाजाचा सुमारे पाव सेकंद जातो, उत्तर येईपर्यंत अर्धा. त्या काळी परदेशी बोलताना दोघं एकदम बोलायचे, मग एकदम थांबायचे, ते यामुळे. समुद्रातून दहा-बारा हजार किलोमीटरची केबल टाकली, तर काचेतल्या मंद प्रकाशालाही एका बाजूने पाच-सहा शतांश सेकंद पुरतात.

म्हणून आज खंडांदरम्यानची जवळजवळ सगळी माहिती समुद्रतळावरच्या केबलमधून वाहते. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला अशा अनेक केबल लागतात. खोल समुद्रात त्यांची जाडी बागेत पाणी घालायच्या नळीएवढी, आणि त्या तुटण्याची सगळ्यात मोठी कारणं म्हणजे मासेमारीची जाळी व जहाजांचे नांगर. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि इथल्या कचेऱ्यांमधलं इंटरनेट रखडलं. आता जमिनीपासून काहीशे किलोमीटरवर फिरणाऱ्या उपग्रहांमुळे विलंबाची अडचण बरीच मिटली आहे. केबल पोचणार नाही अशा डोंगरवाडीला त्यांचा उपयोग होईल. पण केबलच्या क्षमतेशी त्यांची बरोबरी नाही.

मोबाइललाही हेच लागू. तो बिनतारी असतो फक्त टॉवरपर्यंत. टॉवरपासून पुढे बहुतेक ठिकाणी फायबर असतं, ते नसेल तिथे दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून बसवलेला मायक्रोवेव्हचा गोल डबा. आणि ‘ब्रॉडबँड म्हणजे वायरचं नेट’ ही समजूतही सरकारी व्याख्येत बसत नाही. तिथे फक्त वेग पाहतात : २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस, २०१३ पासून ५१२, आणि २०२३ पासून २ एमबीपीएस. या हिशेबाने देशात ९० कोटींहून अधिक ब्रॉडबँड जोडण्या आहेत, त्यांतल्या तारेच्या शंभरात जेमतेम चार-पाच. बाकी सगळं ब्रॉडबँड खिशातल्या मोबाइलवर.

‘दांड्या पूर्ण, म्हणजे नेट जोरात’

गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत किंवा वारीच्या गर्दीत फोनवर पाचही दांड्या दिसतात आणि साधा फोटो जात नाही. दांड्या सांगतात ते टॉवरचा संदेश तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतोय एवढंच. त्या टॉवरवर आणखी किती जण लटकले आहेत, हे त्या सांगत नाहीत.

घरच्या फायबरवरही वाटेकरी असतात. आपल्याकडे घरोघरी आलेल्या फायबरमागे बहुतेक जीपॉन हे तंत्र असतं. एक्स्चेंजकडून निघालेल्या एका धाग्यात सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट, आणि वाटेतल्या डब्यात, कसलीही वीज न लागणाऱ्या काचेच्या विभाजकातून, तो ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला. सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण वेग मागितला, तर ६४ घरांत प्रत्येकाच्या वाट्याला ४० मेगाबिटही येणार नाहीत. तसं सहसा होत नाही, कारण सगळे एकाच क्षणी मागत नाहीत. ही लबाडी नव्हे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या गणितज्ञाने १९०९ पासून हाच हिशेब मांडला होता : इतके ग्राहक असतील तर किती लाइनी पुरतील. ‘या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत’ ही सूचना त्या हिशेबाची दुसरी बाजू. कंपनीने वाटेकरी किती घ्यावेत, यावर मात्र भांडायला जागा आहे, आणि जरूर भांडावं.

‘वाय-फाय म्हणजेच इंटरनेट’

वाय-फाय म्हणजे तुमच्या घरातली शेवटची काही पावलं. तक्रारींचा मोठा वाटा इथलाच असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. राउटर दिसायला बरा दिसत नाही म्हणून तो टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटात, नाहीतर पोटमाळ्यावर जातो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल जेमतेम तीन : १, ६ आणि ११. मोठ्या सोसायटीत चाळीस राउटर त्या तिघांत दाटीवाटीने बोलत असतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुरगुरतो. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा आणि जलद. मात्र जाड भिंतीपुढे तो लवकर हार मानतो.

तपासायचं तर लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट राउटरला जोडून वेग मोजा. वायरवर पूर्ण वेग आणि बेडरूममध्ये निम्मा, तर कंपनीला फोन करू नका, राउटर हलवा. वायरवरही कमी असेल, तर तोच प्रयोग पहाटे आणि रात्री नऊला करा. फरक पडला तर वाटेकऱ्यांची गर्दी. घरातल्या फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल, तर तुमच्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही, राउटर बंद-चालू करून वेळ घालवू नका, सरळ तक्रार नोंदवा.

‘लँडलाइन वीज गेली तरी चालते’

तांब्याची चालायची. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्टचा पुरवठा त्याच तारेतून घरापर्यंत यायचा, म्हणून भारनियमनाच्या काळोखातही डायल टोन हजर असे. काचेतून वीज येत नाही. फायबरवरची लँडलाइन घरातल्या डब्यावर चालते, आणि वीज गेली की डब्याबरोबर फोनही मुका. जुना फोन बदलून फायबरचा घेताना ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतं. घरात वयस्कर माणसं एकटी राहत असतील, तर तो डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर त्याच्या व्होल्टेजचा छोटा यूपीएस मिळतो, तो बसवा, आणि एकदा मेन स्विच बंद करून फोन लागतोय ना, हे स्वतः पाहून घ्या.