तेहतीस इनिंगची मॅच आणि पॉटकेटचा हरवलेला संघ

बेसबॉलमध्ये सहसा ड्रॉ नसतो. नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर कुणीतरी पुढे जाईपर्यंत एकेक इनिंग वाढवत राहायची. म्हणजे तत्त्वतः मॅच कधीच न संपण्याची मुभा आहे. पॉटकेट रेड सॉक्सनं १९८१ मध्ये ती जवळपास वापरलीच.

पॉटकेट म्हणजे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातलं जुनं गिरणगाव. स्लेटरची सूतगिरणी इथे १७९३ मध्ये उभी राहिली. इथला संघ बॉस्टन रेड सॉक्सच्या हाताखालचा: नवे खेळाडू इथे तयार व्हायचे आणि चांगले निघाले की बॉस्टन त्यांना वर न्यायचं.

१८ एप्रिल १९८१, ईस्टरची आदली रात्र, समोर रोचेस्टर. नवव्या इनिंगनंतर १-१. एकविसाव्यात दोघांचाही एकेक रन, म्हणजे पुन्हा जैसे थे! रात्री १२.५० नंतर नवी इनिंग सुरू करायची नाही असा लीगचा नियम होता, पण अंपायरकडच्या नियमपुस्तिकेत नेमका तोच नव्हता. थंडी इतकी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून शेक घेतला. लीगच्या अध्यक्षांना फोन लागला तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. ४.०७ ला, ३२ इनिंगनंतर खेळ थांबला. प्रेक्षक उरले होते १९.

आता गणित. दहाव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत सलग २३ इनिंग बरोबरीत सुटल्या. समजा, एक इनिंग बरोबरीत सुटण्याची शक्यता निम्मी आहे. मग असं सुमारे ८४ लाखांत एकदा घडेल. पण हीच शक्यता ०.५ ऐवजी ०.६ धरली तर? सव्वा लाखात एकदा! गृहीतक जरासं हललं आणि उत्तर ६६ पटींनी बदललं. दुर्मिळ घटनांची आकडेमोड करताना हीच खरी डोकेदुखी असते. शिवाय इथे प्रत्येक इनिंग स्वतंत्र मानली, तेही पटत नाही. वारा मैदानाच्या आत वाहतोय, बॅटर गारठलेत, आणि हे सगळं प्रत्येक इनिंगला सारखंच लागू आहे. रोचेस्टरचा कॅचर डेव्ह हपर्ट तर ३१ इनिंग उकिडवा बसून होता! (माझे गुडघे वाचूनच दुखले.)

२३ जूनला उरलेली मॅच १८ मिनिटांत संपली. तेहतिसाव्या इनिंगमध्ये डेव्ह कोझाच्या फटक्यावर पॉटकेट ३-२ नं जिंकलं. या मॅचमधले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकन पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. कोझाला मात्र वरच्या लीगमध्ये एकही मॅच मिळाली नाही.

नव्या स्टेडियमचा व्यवहार फिसकटला आणि २०१८ मध्ये संघानं तासाभरावरच्या वूस्टरला जायचं जाहीर केलं. २०२० चा मोसम निरोपाचा ठरणार होता, तो कोविडमुळे झालाच नाही. त्या उन्हाळ्यात मॅककॉय स्टेडियमच्या हिरवळीवर टेबलं मांडली गेली आणि गावातली माणसं तिथे रात्रीचं जेवायला आली.