मैदानाबाहेरचे झीलकरी

पोवाडा गाणाऱ्या शाहिराचे नाव पंचक्रोशीत होते. त्याच्या मागे उभे राहून 'जी जी रं जी' म्हणणाऱ्या झीलकऱ्याचे नाव मात्र कुणी विचारत नाही. मी कवितेच्या प्रांतातला माणूस, त्यामुळे झीलकरी मला नेहमीच जवळचे वाटत आले. मैदानावरही असा एक झीलकरी असतो. त्याला सहायक प्रशिक्षक म्हणतात.

आज त्याच्याविषयी बोलायचे, कारण आमच्या कारंज्यात काय किंवा तुमच्या गावात काय, क्रिकेटपायी वह्या-पुस्तके विसरलेली मुले आणि त्यांच्या काळजीने झोप उडालेले आईबाप घरोघर आहेत. संघात निवड झाली नाही की सगळे संपले, असे दोघांनाही वाटते. तसे नसते.

मुख्य प्रशिक्षक संघाचे धोरण ठरवतो. सहायकाकडे एकेक विभाग असतो : फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षण. अमेरिकेत चेंडू हातात घेऊन पळण्याच्या खेळाला फुटबॉल म्हणतात. तिथल्या व्यावसायिक संघात मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली दहा-पंधरा, कधी त्याहूनही जास्त सहायक असतात. आपल्याकडे एवढा पसारा नाही, पण कामाची रीत तीच.

आपल्या विदर्भाचेच पाहा. १९५७-५८ पासून विदर्भ रणजी करंडक खेळत होता. विजेतेपद आले १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरला दिल्लीला हरवून. मुख्य प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचे नाव सर्वांच्या तोंडी झाले, आणि ते योग्यच होते. त्या सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. त्या वेळी संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक होते सुब्रतो बॅनर्जी. ते स्वतः १९९२ मध्ये सिडनीला एकच कसोटी खेळले. तीन बळी घेतले, पण पुन्हा संधी नाही. नागपूरच्या उमेश यादवला घडवण्यातही त्यांचा हात आहे. एका कसोटीचा माणूस, पण त्याच्या शिष्याने पन्नासहून अधिक कसोटी खेळल्या!

दुसरे उदाहरण मुंबईच्या पारस म्हांब्रे यांचे. १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यात दोन कसोटी, एवढीच त्यांची कसोटी कारकीर्द. पुढे ते बंगालचे प्रशिक्षक झाले. बंगाल २००६ आणि २००७ मध्ये लागोपाठ रणजीच्या अंतिम फेरीत गेला. नंतर राहुल द्रविड यांच्यासोबत १९ वर्षांखालील मुलांना शिकवले. २०२१ मध्ये भारतीय संघाचे गोलंदाजी प्रशिक्षकपद मिळाले आणि जून २०२४ मध्ये संघ टी-ट्वेंटी विश्वविजेता झाला. खेळाडू म्हणून पदार्पण आणि हे पद यांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे.

त्याच काळात क्षेत्ररक्षण शिकवणारे हैदराबादचे टी. दिलीप तर प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेले नाहीत.

अर्थात ही नोकरी पेन्शनीची नव्हे. करार ठराविक मुदतीचा असतो आणि मुख्य प्रशिक्षक बदलला की बहुधा सहायकांचेही सामान बांधले जाते. विश्वचषकानंतर द्रविड यांच्याबरोबर म्हांब्रेही बाहेर पडले. संघ हरला तर दोष वाट्याला येतो, जिंकला तर फोटोत कडेची जागा मिळते.

मग वाट कशी धरावी? क्रिकेटमध्ये नियामक मंडळाचे तीन पायऱ्यांचे अभ्यासक्रम आहेत. ते बंगळुरूच्या अकादमीशी जोडलेले असून, तिथवर साधारणपणे राज्य संघटनेमार्फतच पोहोचता येते. इतर खेळांसाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आहे. आणि आपल्या उंबरठ्यावर, अमरावतीत, १९१४ मध्ये स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तिथे शारीरिक शिक्षणाची पदवी घेता येते. सुरुवात शाळेच्या किंवा तालुक्याच्या संघापासूनच होते. शरीरशास्त्र, दुखापतींची जाण, सामन्याच्या चित्रफिती पाहण्याची चिकाटी आणि भाषा, हे सारे शिकावे लागते. भाषा यासाठी की, घाबरलेल्या पोराला दोन वाक्यांत धीर देता आला पाहिजे.

म्हणून आईबापांना माझे सांगणे आहे : मुलगा, मुलगी मैदानावर जाते तर जाऊ द्या, पण पदवी सोडू देऊ नका. मुलांनो, तुम्ही संघाबाहेर राहिलात तर घरी येऊन बॅट माळ्यावर टाकू नका. शेजारच्या लहानग्याला ती कशी धरायची, ते शिकवून पाहा. त्यात जीव रमला, तर तुमची वाट तिथूनच सुरू होते.