झोळीवाल्यांचा हिवाळी मुक्काम

कोण येतात, कुठून?

दिवाळीच्या पुढेमागे गुजरातेतल्या नळसरोवर आणि थोळ या तळ्यांवर पेलिकन, म्हणजेच झोळीवाले, उतरू लागतात. पांढऱ्या झोळीवाल्यांचे थवे मध्य आशियातून, कझाकस्तानच्या बाजूने येतात. कधी सोबत डाल्मेशियन झोळीवालेही दिसतात. उडताना पंखाखाली ठळक काळा पट्टा दिसला तर पांढरा. पंख खालून मळकट राखाडी आणि मानेमागची पिसं कुरळी असली तर डाल्मेशियन.

ऊन तापल्यावर उड्डाण

पंखांचा विस्तार सुमारे तीन मीटर, वजन दहा किलोच्या घरात. एवढं धूड नुसतं पंख मारत हजारो किलोमीटर नेणं परवडणारं नाही. म्हणून ऊन तापून जमिनीलगतची हवा वर चढू लागली की तिच्यावर घिरट्या घेत ते उंची गाठतात आणि पंख पसरून पुढे तरंगत जातात. रांगेत उडण्याचाही फायदा असतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात, रांगेत उडणाऱ्या झोळीवाल्यांच्या हृदयाचे ठोके एकट्याने उडणाऱ्यांपेक्षा ११ ते १४ टक्के कमी आढळले.

उथळ पाणीच का?

माझ्या मते खरी गंमत इथे आहे. या झोळीवाल्यांना बुडी मारता येत नाही. मान पोचेल तेवढ्याच खोलीतले मासे त्यांचे. म्हणून आठ-दहा जण अर्धवर्तुळ करून मासे काठाकडे रेटतात आणि एकाच वेळी चोची पाण्यात खुपसतात. झोळीत मासळीबरोबर कित्येक लिटर पाणी भरतं. मग चोच छातीशी दाबून धरायची, कडांमधून पाणी गळू द्यायचं, चोच वर करायची आणि मासा गिळायचा. झोळी साठवणीची नव्हे, ते मासे पकडायचं जाळंच.

थोळ तलाव १९१२ साली बडोद्याच्या गायकवाडी राजवटीत शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. तो उथळ असल्यामुळेच पक्ष्यांना मानवला. १९८८ साली तो अभयारण्य झाला आणि २०२१ साली रामसर यादीत गेला. सिंचनाच्या तळ्यांकडे पक्ष्यांचं घर म्हणूनही बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बघायला जाताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. नळसरोवरात नाव घेतलीत तर नावाड्याला थव्यात शिरू देऊ नका. पाण्यावरून पळत, जोराने पंख मारत उठताना या जड पक्ष्यांची बरीच शक्ती खर्च होते, आणि परतीच्या प्रवासासाठी ती त्यांना हवी असते. फोटो लांबूनच काढा.