आधी मोजा, मग वाटा!

मैत्रिणींनो, घरात लाडू वाटताना आईचं माप थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं. पण सरकारी पैशाची वाटणी अशी ओळखीपाळखीवर होऊ लागली तर? याचं उत्तर देशाला देणारे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आपल्या नाशिकात जन्मले, १० एप्रिल १९०१ रोजी. बालपण नागपुरात, पुढचं शिक्षण केंब्रिजला.

१९३० मध्ये पुण्यात रावबहादूर काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिची धुरा गाडगीळांनी १९६६ पर्यंत सांभाळली. नुसती जाडजूड पुस्तकं वाचून गरिबी कळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांच्या संस्थेनं पुण्याच्या फळबाजाराची पाहणी केली, वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च मांडला, पुणे शहरातल्या कुटुंबांची माहिती गोळा केली. आधी मोजायचं, मग बोलायचं!

आणि हे गृहस्थ बोलून थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटील आणि शेतकऱ्यांच्या बरोबरीनं ते प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यासाठी झटले. १९५० मध्ये तिथे गाळप सुरू झालं. सुरुवातीच्या काळात अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं. पुढे सहकारात राजकारण शिरलं हे खरं, पण शेतकरी कारखान्याचा मालक होऊ शकतो, हे तिथे दिसलं.

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोवर राज्यांना मिळणाऱ्या केंद्राच्या मदतीला ठरलेलं असं सूत्र नव्हतं. मग १९६९ मध्ये ‘गाडगीळ सूत्र’ आलं. काही खास राज्यांचा वाटा बाजूला काढून उरलेल्या रकमेतली ६० टक्के लोकसंख्येप्रमाणे द्यायची. १० टक्के सरासरीपेक्षा कमी उत्पन्नाच्या राज्यांना. बाकीची कर गोळा करण्याची धडपड, पाटबंधारे-विजेची चालू कामं आणि खास अडचणी पाहून. म्हणजे कोण किती मोठ्यानं मागतो, यावर सगळं ठरणार नाही! त्याच वर्षी त्यांच्या अभ्यासगटानं बँकांनी जिल्हावार जबाबदारी घ्यावी असं सुचवलं. आपल्या बचत गटांना परिचित असलेल्या ‘लीड बँके’चं मूळ तिथलं. मे १९७१ मध्ये ते गेले. नियोजन आयोगही २०१५ मध्ये इतिहासजमा झाला.

मग आज त्यांचं आपल्याला काय? गटांच्या कामाला गावात गेलं की बायका हमखास विचारतात, “ताई, घरकुलाच्या यादीत माझं नाव का नाही?” उत्तर मिळतं, “बघू पुढच्या वेळी.” इथेच गाडगीळांची आठवण ठेवायची. विनवणी करू नका, “निकष कोणता लावला?” असं विचारा. कुणाला किती गुण, कुणाचं नाव कशामुळे वगळलं, हे वाचून दाखवायला सांगा. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असा कायदाच आहे. तिथे हा प्रश्न लिहून घ्यायला लावा, इतिवृत्तात आला की नाही तेही पाहा.

एकटीनं विचारलं तर भांडखोर म्हणतील. दहाजणींनी विचारलं तर उत्तर द्यावंच लागेल.